दाराची कडी

लालबागच्या आमच्या चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही. बंद दिसलं की आत भांडण, नाहीतर आजारपण, असंच सगळे धरून चालतात. तरीही बायको पहिल्यांदा माझ्या अंगावर धावून आली, तेव्हा मी आधी कडी घातली आणि मग कानामागचं रक्त पुसलं. तिची अब्रू झाकतोय असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर बायकोचा मार खाणारा नवरा कुणाला दिसू नये, एवढंच होतं.

बाहेरचे लोक तिच्यावर टपलेत आणि मी त्यांना सामील आहे, असं तिला वाटायचं. एरवी अहो-जाहो करणारी ती अशा वेळी एकेरीवर यायची. "दार का लावलंस तू? कोण येणार आहे?" आणि मग हाताला लागेल ते फेकायची.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. एकदा त्यांनी मला विचारलं, "मारायच्या आधी घरात काय घडतं?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

दवाखान्याचा जिना उतरताना आठवलं. तिचा आवाज चढला की मी उठून कडी घालतो, आणि मग ती मारते. की ती मारणार हे कळतं म्हणून मी कडी घालतो? मला अजून उलगडत नाही.

परवा संध्याकाळी ती चहा करत असताना तिचा आवाज चढला. मी जागचा उठलो नाही. दार सताड उघडं. तरी सांडशी आलीच, कपाळावर. गॅलरीतली बोलणी थांबली.

शेजारच्या मालवणी काकी उंबऱ्यात आल्या. "काय गो, चाय ठेवलंस? माका पण घोटभर दी." मग माझ्याकडे बघून, "तू रे काय बघतंस? कपाळाक हळद लाव."

बायकोने मुकाट्याने तिसरा कप काढला. काकी सुरमईच्या भावाबद्दल बोलत चहा प्यायल्या आणि गेल्या.

कप विसळताना ती हळूच म्हणाली, "अहो, दार लावा. लोक बघतायत."

हा आजार बोलत होता की माझी बायको? उठलो, कडीला हात लावला आणि तसाच उभा राहिलो.

"लावताय ना?" तिने पुन्हा विचारलं.