पाटलांचं पोरगं

हे मी आजवर स्वतःहून कुणाला सांगितलेलं नाही. सांगायची गरजच पडली नाही म्हणा, आमच्या आत्यानं सगळ्या गल्लीला आधीच सांगून ठेवलंय. पण तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या, आणि हसायचं ते शेवटी हसा.

मी सागर पाटील. दिवसा शाळेत पी.टी.चा मास्तर आणि संध्याकाळी आमच्या मंडळाच्या चौदा वर्षांखालच्या पोरांचा फुटबॉल कोच. कोल्हापुरात पोरं घडवणं म्हणजे काय, ठाऊक आहे? आपण खत घालायचं, पाणी घालायचं, आणि फळ धरलं की कुंपणावरनं दुसऱ्यानं हात घालायचा! गेल्या हंगामात माझा गोलकीपर एका अकॅडमीनं असाच उचलला. हॉस्टेल देतो, बूट देतो म्हणून. तेव्हापासून मला जो तो चोरच दिसायला लागला. भेळेच्या गाडीवाल्यालासुद्धा मी विचारलं होतं, "रोज हितंच का लावतोस रं गाडी?"

"सर, तुमचीच पोरं खात्यात की!"

तरी माझा विश्वास बसला नाही.

यंदा माझ्याकडं होता अथर्व पाटील. नात्यातला नाही हो, आमच्याकडं हजेरी घेतली तर निम्मी पोरं पाटीलच निघतात. शिडशिडीत पोर, पण बॉल पायात आला की समोरची पोरं नुसती वाऱ्याला लाथा मारायची. हा गेला तर माझी टीमच गेली!

आणि एका संध्याकाळी मैदानाच्या कडेला एक माणूस दिसला. पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, हातात मोबाईल. खेळ बघायचा, मोबाईलमध्ये बघायचा, परत खेळ बघायचा. कोण असेल सांगा? मी पहिलं काम काय केलं, तर अथर्वला गोलमध्ये उभा केला. बसू दे बघत!

"सर, मी काय केलं?" अथर्व रडवेला झाला.

"गप उभा राहा," म्हटलं, आणि निघालो पावण्याकडं.

त्या वेळी मी मैदानावर रेषा आखायला पांढरी फक्की मारत होतो. अंगात जुना टी-शर्ट, केसांपासून मिशीपर्यंत पांढरा.

"काय पावणं, कुणीकडं?"

"हितंच, बघत उभारलोय. तुम्ही हितं कामाला काय?"

मनात म्हटलं, सागऱ्या, कोच आहे म्हणून सांगितलंस तर हा तोंड उघडायचा नाही. "व्हय की. जलमभर फक्कीच मारतोय."

त्यानं इकडंतिकडं बघितलं, आवाज खाली आणला. "हितं पाटलांचं पोरगं हाय म्हणं, फुटबॉलातलं. कसं हाय?"

घावला!

"कसलं काय! नुसतं नाव हाय."

"आमी तर लई कौतुक ऐकलं."

"सांगणाऱ्यानं डोळं झाकून सांगितलं असंल. गुडघा गेलाय त्याचा. वरनं कळत न्हाय."

"आरं तिच्या! आन् वय?"

"कागदावर हाय त्यात दोन-तीन वर्षं मिळवा."

"स्वभावाला?"

"रडकं. जरा कुणी बोललं की आईच्या पदराखाली."

पावण्याचा चेहरा उतरत चालला, तसा मला जोर चढत चालला.

"व्यसन-बिसन?"

आता बघा, एवढ्याशा पोराबद्दल असं कुणी विचारतं? पण मी म्हटलं, अकॅडम्या हल्ली खोलात जात असतील. "आजून तरी घावलेलं न्हाय," मी सांगून टाकलं.

"दुसरीकडचं कोण बघून गेलं का?"

"चार ठिकाणचं बघून गेलं की! परत कोण फिरकलं न्हाय."

त्यानं रुमालानं कपाळ पुसलं. "आमचं बिद्रीकडं मोठं घर हाय वो. जमलं असतं तर त्याला काय कमी पडू दिलं नसतं."

"वाचलासा म्हणा. जावा निवांत!"

त्यानं माझे दोन्ही हात धरले. "देवासारखं भेटलासा," म्हणाला, आणि फक्कीनं माखलेल्या हातांनीच गाडी सुरू करून गेला.

मी छाती फुगवून वळलो, तर मागं अथर्व. सुटलेला बॉल आणायला आलेला.

"सर, माझा गुडघा कुठं गेलाय?"

"अरे, ते तसं नाही..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत बॉल तिथंच टाकून तो चालता झाला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आता शहाणा माणूस काय करील? पोराच्या घरी जाऊन समजूत काढील. मी काय केलं? माझी खात्रीच पटली की पावण्यानं पोर रस्त्यात गाठलं आणि फितवलं! शनिवारी त्याच्या घरासमोरच्या पानपट्टीआड उभा राहून मी पहारा दिला. दारात नव्या चपला दिसल्या. म्हटलं, बिद्रीचं माणूस आत बसलंय! तेवढ्यात अथर्वचे वडील त्याच चपला पायात घालून बाहेर आले.

"सर? आत या की. असं चोरावाणी काय उभारलाय?"

"हिकडनं चाललेलो," म्हणत मी सटकलो.

रविवार उजाडला. त्या दिवशी मुलीकडची मंडळी आमचं घर बघायला येणार होती. आत्यानंच आणलेलं स्थळ. मुलगी कोल्हापुरातलीच, बँकेत नोकरीला. तिचा फोटो मी आईच्या नकळत परत परत बघितला होता, हे तुम्हाला म्हणून सांगतो. आईनं मला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला, आत्यानं हाक मारली, मी ऐटीत बाहेरच्या खोलीत आलो.

आणि सोफ्यावर मैदानावरचं ते पावणं!

शुद्धीवर असलेल्या माणसाला त्याच क्षणी उमगलं असतं. मला काय वाटलं? की हा अथर्ववर थांबलेला नाही, आता अख्खी टीम उचलायला घरापर्यंत आलाय!

"तुम्ही? हितंपर्यंत आलासा?" मी ओरडलो. "पोरगं मिळणार न्हाय! काय करायचं ते करा!"

"सागऱ्या!" आत्या किंचाळली. "मुलीचं मामा हायत ते!"

"आमी तर दिलेला शब्द मोडू नये म्हणून नुसतं च्या प्यायला आलोय," मामा म्हणाले. "हे फक्कीवालं हितं कसं?"

"फक्कीवालं कुठलं? हाच आमचा सागर," आई म्हणाली.

मामांनी माझं तोंड बघितलं. मग हळूहळू त्यांची नजर माझ्या गुडघ्यावर जाऊन थांबली.

सगळं सांगितलं. अकॅडमी, गोलकीपर, अथर्व, सगळं. मुलीचे वडील तोंडावर रुमाल धरून हसून गदगदत होते. मामा मात्र हसले नाहीत.

"म्हंजे ते बारकं पोरगं चांगलं हाय?"

"हिरा हाय, मामा."

"आन् त्याला ऐकू जाईल असं तू रडकं म्हणलास. जाऊन आलास त्याच्याकडं?"

"न्हाय, मामा."

"मग आदी तिकडं जा. च्या आमी पितो."

गेलो. तसाच, इस्त्रीच्या शर्टात. अथर्व पायरीवर बसलेला. त्याला म्हटलं, "तुला कुणी नेऊ नये म्हणून खोटं बोललो रे."

त्यानं बुटाची नाडी ओढून घट्ट केली. मग म्हणाला, "मला विचारायचं तरी, सर. मी कुठं जाणार हुतो?"

खरं सांगतो, ते ऐकून जितकं लागलं तितकं सोफ्यावरच्या मामांना बघूनही लागलं नव्हतं. सोमवारी तो आला. मी त्याला फॉरवर्डला घेतला आणि सगळ्या पोरांसमोर सॉरी म्हटलं.

निरोप आत्यानं आणला. जावई म्हणून नको. पण मामा म्हणे, पोरं जपायला एवढं खोटं बोलणारा मास्तर दुसरीकडं मिळायचा नाही, आमच्या भाच्याला त्याच्याकडंच घालतो! झालं. त्या मुलीचा धाकटा भाऊ माझ्या टीममध्ये आला.

परवा तो पेढे घेऊन आला. "सर, घ्या की. ताईचं ठरलं."

मी पेढा तोंडात टाकला. चांगला होता हो, नाव ठेवायला जागा नव्हती. "अरे वा! पोरगं कुठलं?"

"हितलंच, सर. फुटबॉलमधलंच हाय. रेफरी हायत."

"बरं झालं की," मी कसाबसा गिळत म्हटलं.

"आपली रविवारची मॅच त्यांच्याकडंच हाय," तो खुशीत म्हणाला. "आमच्या मामांनी त्यांना तुमच्याबद्दल सगळं सांगितलंय!"