उन्हात शिजलेला भात
कुकरचं झाकण उघडलं आणि इंद्रायणी तांदळाचा वास घरभर पसरला, की मला कान्हे गावाजवळचं ते मातीचं घर आठवतं. सौरऊर्जेवर चालणारी, पर्यावरण जपून बांधलेली घरं दाखवायला मी वीसेक जणांना घेऊन निघालो होतो, आणि शेवटचं घर तिथल्या एका मावशींचं होतं. माती आणि भाताचं तूस कालवून लिंपलेल्या गार भिंती, छपरावर सोलर पॅनल, अंगणात सूर्यचुलीची काळी पेटी. आदल्या दिवशी मीच त्यांना बजावलं होतं, "उद्या चूल पेटवू नका, सगळा भात उन्हावरच शिजवा." पेटी लहान, म्हणून त्या सकाळपासून थोडा थोडा भात शिजवून मोठ्या पातेल्यात जमवत होत्या. आम्ही मात्र आधीच्या घरी, लोणावळ्याच्या एका बंगल्यातच रेंगाळलो, तिथंच पोटभर खाल्लं आणि दिवस मावळताना पोहोचलो. मंडळींनी दारातूनच भिंतींचे फोटो काढले आणि ती गाडीत जाऊन बसली. "जेवून जावा की," मावशी म्हणाल्या. "उशीर झालाय मावशी, पुन्हा येईन," मी म्हणालो. त्यांना वाटलं, भात गार झाला म्हणून आम्ही नको म्हणतोय. पातेल्यावरचं झाकण सरकवून त्या हळूच म्हणाल्या, "चुलीवर गरम करून देऊ का? मी कुनाला सांगनार न्हाई." मी नुसता हसलो आणि निघालो. पुन्हा काही गेलो नाही. उभ्या उभ्या एक घास खाल्ला असता, तर गाडी मला सोडून जाणार नव्हती. ती मीच ठरवली होती.