पायलीभर जुनं भात

नव्या भाताच्या प्रत्येक पोत्यात पायलीभर जुनं भात घातल्याशिवाय आमच्या सासूबाई पोत्याचं तोंड शिवत नसत. त्यानं बरकत येते, असं त्या म्हणायच्या. त्या गेल्यावर मी ती रीत इमानानं चालू ठेवली आणि तिच्यापायी आमचं भाताचं खाचर जवळजवळ घालवलंच होतं.

खाचर रस्त्याला लागून. पिरंगुटला कारखाने वाढले तसा जमिनीचा एजंट दर आठवड्याला दारात यायला लागला. इकडे व्यापारी खळ्यावरूनच आमची इंद्रायणी उचलायचा, 'भात ओलं आहे' म्हणून भाव पाडायचा आणि आम्ही मान डोलवायचो. त्या वर्षी मामंजींनी सांगून टाकलं, "यंदा भातावर घर न्हाई चाललं, तर खाचर इकायचं."

मी हट्टानं गावातल्या बायकांच्या सहकारी संस्थेत नाव घातलं. संस्था सभासदांचं भात स्वतःच्या गिरणीत भरडून तांदूळ थेट हिंजवडीच्या सोसायट्यांत विकते. मामंजी तिला 'बायकांची भातुकली' म्हणायचे.

माल घेण्याआधी संस्थेत प्रत्येकीच्या पोत्यातलं मूठभर भात भरडून, शिजवून बघतात. नवी इंद्रायणी मऊ, चिकट लागते आणि गिऱ्हाईक त्यासाठीच दोन पैसे जास्त देतं. माझ्या पातेल्यावरचं झाकण काढलं, तर मऊ भातात मधूनच ताठ, मोकळी शितं. अध्यक्षबाईंनी एक घास खाल्ला.

"जुनं घातलंस व्हय गं?"

"पायलीभरच. रीत हाय आमच्याकडं."

"रीत घरात ठेव. हे न्हाई चालायचं."

मला तिथंच रडू फुटलं. एजंट, खाचर, मामंजी, सगळं एका दमात सांगून टाकलं. बाई तशा फटकळ, त्यामुळं आता आणखी चार शब्द ऐकायला मिळणार असं वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "अशी पोती किती?"

"ही पाचच. बाकीची रास खळ्यावर हाय."

"मंग रडतीस काय? ही पाच तुमी खावा. रास भरू लागायला आमी येतो."

आणि खरंच चौघी जणी आल्या. स्वतःची कापणी अर्धी टाकून आल्या होत्या. संध्याकाळपर्यंत पोती भरली, शिवली, टेम्पोत चढवली. शिवताना माझा हात दोनदा सवयीनं जुन्या भाताकडं गेला आणि दोन्ही वेळा कुणीतरी फटका मारला. त्या बायकांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

तांदूळ विकला गेला. व्यापाऱ्यानं कधी दिला नव्हता असा भाव मिळाला आणि वर्षाचा खर्च निघाला.

पुढच्या आठवड्यात एजंट आला. मी चुलीपुढं कान देऊन बसले. मामंजी ओट्यावरून उठलेसुद्धा नाहीत.

"हितं आता फकस्त तांदूळ इकतो," ते म्हणाले. "किती किलो देऊ?"