ऐच्छिक साहित्यात जोडलेली गोधडी

ऐच्छिक या शब्दाचा अर्थ मी वर्गात अनेकदा समजावून दिला आहे. जे केले नाही तरी चालते, पण केले तर तपासले जाते, ते ऐच्छिक. माझ्या मुलीच्या प्रवेश अर्जाच्या शेवटी असाच एक भाग होता. दूरच्या शहरातील एका विद्यापीठात वस्त्रकलेचा अभ्यासक्रम होता आणि बारावीनंतर तिला तोच शिकायचा होता. दुसरे काहीही सुचवले की ती विषय बदलत असे. आवश्यक ती सर्व कागदपत्रे आम्ही जोडली. त्याखाली सूचना होती की, उमेदवाराने स्वतः केलेल्या एखाद्या कामाची छायाचित्रे हवी असल्यास जोडावीत. न जोडल्यास अर्जावर परिणाम होणार नाही.

चित्रकलेच्या परीक्षांची प्रमाणपत्रे तेथे जोडावीत, असे माझे मत होते.

"बाबा, ते कागद झाले. ते लोक काम पाहू म्हनतात," ती म्हणाली. "मी आपली गोधडी पाठवते."

ही गोधडी तीन जणींनी शिवली होती : माझी पत्नी, माझी मुलगी आणि माझी थोरली वहिनी, जिला मुलगी मोठ्याई म्हणते. शिवण्याची रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. जुन्या लुगड्यांचे थर जमिनीवर अंथरायचे, तिघींनी तीन बाजूंना बसायचे आणि कडेकडून आत येत टाके घालायचे. एक फेरी पूर्ण झाली की प्रत्येकीने उठून पुढच्या बाजूला बसायचे. कुणाचा हात घट्ट असतो, कुणाचा सैल. एकच बाई एकाच बाजूला बसून राहिली तर कापड तिकडे ओढले जाते. जागा बदलत राहिल्याने ताण सारखा वाटला जातो. मी भूमिती शिकवतो. यापेक्षा साधी आणि अचूक युक्ती मला सुचली नसती. चांगल्या गोधडीची आमच्या घरातली परीक्षाही हीच : कोणता टाका कुणाचा, हे ओळखू येता कामा नये.

गोधडी अर्धी झाली असताना माझी पत्नी आजारी पडली. तिला वाशिमच्या दवाखान्यात नेले, तेथून अकोल्याला नेले, आणि ती परत आली नाही. गोधडी गुंडाळून कपाटावर ठेवली होती. काही महिन्यांनी मुलीने ती स्वतःच खाली काढली, मोठ्याईला हाक मारली आणि दोघींनी मिळून मधला भाग पुरा केला.

छायाचित्रे पाठवली. काही आठवड्यांनी मुलाखतीचे बोलावणे आले. हा शेवटचा टप्पा होता. मुलाखत घरीच, संगणकावर होती. गोधडी प्रत्यक्ष पाहायची आहे असे त्यांनी कळवले होते, म्हणून मी आणि वहिनी दोन कोपरे धरून मुलीच्या मागे उभे राहिलो.

"भाऊजी, सैल सोडा जरा," वहिनी कुजबुजली. "शाळेतला नकाशा टांगल्यावानी काय धरून राह्यले!"

मुलगी हसली. त्या दिवशी ती हसली ते तेवढेच.

पडद्यावर तीन परीक्षक होते. त्यांतील एक बाई मराठी बोलत. त्यांनी गोधडीची मनापासून स्तुती केली. मुलीने रंग कसे निवडले, थर किती घेतले, जागा का बदलतात, हे सारे नीट सांगितले. मग बाईंनी विचारले, "यात तू एकटीने केलेला भाग कोणता? किंवा निदान तुझा हात जास्त आहे असा?"

प्रश्न वाजवी होता. प्रवेश एका उमेदवाराला द्यायचा होता, तिघींना नव्हे. उत्तरही सोपे होते : मधला भाग. तो तिने आणि मोठ्याईनेच शिवला होता आणि त्यात मोठा वाटा तिचा होता. मी मोकळ्या हाताने मध्याकडे खूण केली. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केले.

"तसा वेगळा भाग दाखवता येणार नाही," ती म्हणाली.

"प्रयत्न कर ना. आम्हाला तुझे काम समजून घ्यायचे आहे."

"नाही, बाई. दाखवता येणार नाही."

वहिनीला राहवले नाही. "अवं, सांग ना मधातलं तुह्यं हाय म्हनून! मी कायले नाही म्हनू?"

मुलीने नकारार्थी मान हलवली. बाईंनी आभार मानले आणि मुलाखत संपली.

निवड झाली नसल्याचे पुढच्या महिन्यात कळले. कारण दिलेले नव्हते. कदाचित दुसरेच काही असेल. तिच्यापेक्षा सरस उमेदवार असतील. मी हे तिला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि ती न्हाणीघरात गेली. पाण्याचा नळ बराच वेळ चालू होता.

दुपारी मी गोधडी बाजेवर पसरली. कडेपासून एकेक फेरी बोटाने चाचपत आत येऊ लागलो. कुठेतरी टाक्यांचे अंतर बदलेल, घट्टपणा बदलेल आणि माझी पत्नी कुठे थांबली ते कळेल, असे मला वाटत होते. काही कळले नाही.

"काय शोधून राह्यले बाबा?" मुलगी मागे उभी होती.

"तुझी आई कुठपर्यंत होती ते."

ती शेजारी बसली. माझे बोट धरून तिने एका टाक्यावर ठेवले. पिवळ्या लुगड्याच्या तुकड्यावरचा, इतरांसारखाच एक टाका.

"इथं सुई टोचून ठेवली होती आईनं. दोरा सुईतच होता," ती म्हणाली. "मी नवा नाही घेतला. तोच पुढं नेला. गाठ कुठंच नाही. त्या बाईले कुठून दाखवू, की हे आईचं संपलं अन् हे माह्यं?"

मी बोट थोडे पुढे नेले, थोडे मागे आणले. दोन्हीकडे सारखेच लागत होते. तिने गोधडीची घडी घालायला घेतली, तेव्हा एक बाजू मी धरली.

वाशिमच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या जागा अजून शिल्लक होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळच्या गाडीने जाऊन तिचे नाव घातले. आता ती रोज एसटीने जाते-येते आणि अभ्यास मन लावून करते. वहिनीने नवी गोधडी शिवायला घातली आहे. मुलीला बोलवायला ती दोनदा आली. मुलगी दारापर्यंत गेली, तिच्याशी बोलली आणि परत येऊन पुस्तक उघडून बसली. सुई तिने अजून हातात घेतलेली नाही.