सवलतीचे तास

आमचे सासरे कारखान्यात टाइमकीपर होते. निवृत्त झाले आणि येताना कारखाना घरी घेऊन आले. दिवसा नऊ ते पाच वीज स्वस्त पडते, असं कुठूनसं त्यांच्या कानावर आलं. झालं! तेव्हापासून नऊच्या आधी वॉशिंग मशीन नाही, इस्त्री नाही, गीझर नाही. मला आठला कामावर निघायचं असतं. थंड पाणी अंगावर घेताना मी रोज मनातल्या मनात त्यांचा उद्धार करायचे.

माझं जाऊ द्या. सासूबाईंना संधिवात, आणि त्या उठायच्या सहाला. उठल्या उठल्या हात गरम पाण्यात ठेवा, नाहीतर बोटं कायमची आखडतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कोपऱ्यावरच्या टेलरची हातकाजं तीस वर्षं त्याच करायच्या. "बाई, तुमच्यासारखं काज कुणाला जमत नाही," असं म्हणणारा जगात तो एकटाच. घरातून त्यांना चांगला शब्द कधी मिळाला नाही. गॅसवर पाणी तापवते म्हटलं, तर सासरे म्हणाले, "गॅस काय फुकट येतो? तीन तासांनी काय बिघडतंय?"

बिघडलं. दोन वर्षांत सुई हातातून सुटायला लागली. एक दिवस टेलर स्वतः घरी आला, "आता आराम करा, बाई," म्हणाला आणि उरलेले शर्ट घेऊन गेला. सासूबाईंनी त्याला चहा दिला. कप मला धरावा लागला.

माझं डोकंच फिरलं. एवढं वाचवलं तरी किती, बघूया म्हणून मी वीज कार्यालयात गेले. कारकुनाने नोंद काढली. "तुमच्या मीटरला दिवसभर एकच दर आहे. सवलतीसाठी अर्ज लागतो. तुमचे सासरे दोन वर्षांपूर्वी चौकशी करून, फॉर्म घेऊन गेलेत की. भरून काही दिला नाही."

रात्री जेवताना सगळ्यांसमोर विचारलं.

"माहीत होतं," सासरे म्हणाले.

"मग?"

"घराला शिस्त नको? मीठ सरकव."

माझा नवरा ताटात बघत बसला. लाज वाटली मला त्याची.

दुसऱ्या दिवशी सहालाच मी गीझर लावला आणि टब आणून ठेवला. सासूबाई आल्या. बोटं वळत नव्हती, म्हणून त्यांनी कोपराने बटण बंद केलं.

"आई, काल ऐकलंत ना? सवलत नव्हतीच!"

"असणार गं," त्या म्हणाल्या. "नसती, तर माझी बोटं कशापायी गेली?"