कोपऱ्यातली नारिंगी खुर्ची

काकांच्या घराखाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. ते आजपासून आमच्याकडे राहणार होते, पण त्यांच्या गोल नारिंगी खुर्चीला आमच्या हॉलमध्ये जागा नव्हती.

"काका, ही भंगारात देऊ या."

सत्तरच्या दशकात जाहिरातींची मांडणी करणाऱ्या काकांनी भिंतीवरून स्वतः काढलेला जुना फोटो उतरवला. त्यात हीच खुर्ची अगदी कोपऱ्यात होती. बाकी नुसती पांढरी भिंत.

"एवढी जागा वाया घालवलीत!"

"अगं, ती भरली असती तर खुर्ची कुणाला दिसली असती?"

रिकामी जागा दिसली की मी तिथे काहीतरी ठेवतेच. घरात काय काय आहे, हे मला तोंडपाठ आहे. पण त्यातलं काही नीट असं शेवटचं कधी पाहिलं, ते आठवेना.

हॉर्न पुन्हा वाजला. मी घरी नवऱ्याला फोन लावला.

"अहो, आधी हॉलमधलं शोकेस बाहेर काढा."