गोळी विरघळते का?

त्या घटनेची हकिकत मी नोकरीत असताना पुष्कळांना सांगितली, आणि दर वेळी तिच्यातलं एक वाक्य गाळून सांगितली. ऐकणारे म्हणायचे, "साहेब, काय डोकं चालवलंत!" मला ते गोड वाटायचं. आता स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. अंगावर गणवेश नाही, समोर वरिष्ठ नाहीत. म्हणून या वेळी पूर्ण सांगतो.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पाट्या नव्या लागल्या होत्या, पण आमच्या ठाण्यातला शिक्का अजून जुन्याच जिल्ह्याचा होता. ठाणं नांदेडच्या हद्दीला लागून. मी तिथे फौजदार. त्यात दुष्काळ. विहिरी कोरड्या, त्यामुळे पाण्याची इंजिनं विहिरीच्या काठावर नुसती पडून. पाणीच नाही तर इंजिन कोण कशाला नेईल, असं लोकांना वाटायचं. चोरटे नेमकी तीच उचलत आणि शेजारच्या जिल्ह्यात विकत.

एक दिवस खबऱ्याने टीप दिली: दिवस मावळायच्या सुमारास नाल्यातून बैलगाडी जाणार, कडब्याखाली इंजिन असणार, आणि एकाजवळ कट्टा आहे. गावठी पिस्तुलाला आमच्याकडे कट्टा म्हणतात. हत्याराचं नाव निघालं म्हणून मुख्यालयातून गुन्हे शाखेचा एक फौजदार मदतीला आला. त्याच्या कमरेला नवं नऊ एमएमचं पिस्तूल. माझ्याकडे ठाण्याचं अडतीस बोअरचं रिव्हॉल्व्हर, त्यात जुन्या साठ्यातली काडतुसं. ते पाहून तो म्हणाला, "हे निजामाच्या पागेतून आणलं का हो?"

आमचे हवालदार मिशीत हसले. "साहेब, चलता है. आवाज तर मोठा करतंय."

इथे या दोन गोळ्यांविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. त्याच्या पिस्तुलाच्या गोळीला तांब्याचं कवच होतं. माझी गोळी नुसत्या शिशाची, जड आणि संथ. प्रशिक्षणात आमच्या उस्तादांनी ओल्या मातीच्या ढिगांवर दोन्ही झाडून दाखवल्या होत्या. कवचाची गोळी बारीक भोक पाडून पलीकडे निघून गेली. शिशाची आतच थांबली. खणून काढली तेव्हा तिचं तोंड दाबल्यासारखं चपटं झालेलं होतं. उस्ताद म्हणाले, "कवचवाली घाईतली पाहुणी, आली न गेली. शिशाची मुक्कामाला राहणारी. दर वेळी असंच होईल असं नाही, पण बहुतेक वेळा होतं."

कोणीतरी विचारलं, "मग माणूस कोणतीने पडतो?"

"सिनेमात कोणतीनेही पडतो. त्याला पडायचे पैसे मिळतात. खरा माणूस कुठे लागली त्यावर पडतो. नाही तर पळतो, घरी जातो, चहा मागतो."

वर्गात हशा पिकला होता. मीही हसलो होतो.

सापळा नीट लागला. गाडी नाल्यात उतरली आणि आम्ही आडोशाला उभे राहून आवाज दिला. गाडीवरचा उडी मारून काठावर चढला आणि त्याने आमच्या दिशेने कट्टा झाडला. मी एक गोळी झाडली, गुन्हे शाखेच्या फौजदाराने दोन. कट्टेवाल्याने हत्यार टाकून हात वर केले. त्याच्या मागे दुसरा एक इसम होता, तो माळावरून पळत सुटला. तोवर अंधारून आलं होतं. हवालदार मागे धावले आणि धापा टाकत परत आले.

"गेला. हरणावानी गेला."

"म्हणजे कुणाचीच लागली नाही," गुन्हे शाखेचा फौजदार म्हणाला. "लागली असती तर पडला असता."

मी माळाकडेच पाहत होतो. पळताना त्या माणसाचा एक हात कमरेला गेलेला मी पाहिला होता.

सकाळी माळ पाहिला. दुष्काळाने जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. रक्त सांडलं असलं तरी दिसणार कुठे? मी कट्टेवाल्याला समोर बसवलं, चहा दिला. मारझोडीवर माझा विश्वास नव्हता. मार खाणारा माणूस आपल्याला हवं ते बोलतो, खरं असेलच असं नाही.

"पळाला तो कोण?"

"रोजानं आणला व्हता सायेब, इंजिन उचलाया. नाव ठावं न्हाई."

"त्याला गोळी लागली."

"न्हाई हो! लागली असती तर पडला न्हाई का? लई जोरात पळाला."

"मग कमरेला हात का लावला?"

"धोतर सुटलं आसंल."

"तो पायजम्यात होता."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "त्याच्याजवळ काय बी हत्यार नव्हतं सायेब. खडी फोडणारा माणूस हाय त्यो. नायगावकडं कुठंतरी बहीण हाय त्याची. गाव खरंच ठावं न्हाई."

नायगावचा भाग नांदेड जिल्ह्यात. तिथल्या ठाण्यात गेलो तर एक जमादार म्हणाले, "तुमचा जिल्हा नवा, हौस नवी. आमच्याकडे पाण्याच्या टँकरवर भांडणं सोडवून राहिलोत आम्ही." तरी दोन शिपाई दिले. गावोगावचे दवाखाने पालथे घातले. जखमी कुणी आलेला नाही, हे एकच उत्तर. दिवस जात होते, आणि जखम अंगावर काढणाऱ्या माणसाला दिवस मिळत नसतात. आता मला आरोपी नको होता, जिवंत माणूस हवा होता.

शेवटी एका सरकारी दवाखान्यात टेकलो. तिथले कंपाउंडर "जयभीम साहेब" म्हणत पुढे आले, बाकडं झटकून दिलं, चहा मागवला.

"जखमी तर कुणी न्हाई साहेब. डोकं खाणारे मात्र लई. एक बाई हाय, रोज तापाच्या गोळ्या नेती. स्वतःला ताप न्हाई, काही न्हाई. काल इचारती, 'भाऊ, गोळी आत राहिली तर विरघळती का?' म्या म्हणलं, विरघळती की, पाण्यासंगं घे. तर म्हणती, 'पाणी कुठाय?'"

हवालदार खो खो हसले. मी कप खाली ठेवला.

त्या एका प्रश्नातून मला दोन गोष्टी एकदमच कळल्या. पहिली ही, की माणूस जिवंत आहे, त्याला ताप आहे, म्हणजे जखम आत सडायला लागली आहे. हे मी नेहमी सांगत आलो, आणि यासाठीच वाहवा मिळवली. दुसरी गोष्ट गाळत आलो. गोळी आत राहिली होती. मुक्कामाला राहणारी गोळी त्या नाल्यात एकाच्याच हत्यारात होती. माझ्या.

बाईचं घर गावाच्या टोकाला होतं. दारात रिकामी घागर, आत अंधार. साध्या कपड्यातला शिपाईसुद्धा गावाला लांबून ओळखू येतो. ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"तुमचा भाऊ कुठे आहे, बाई?"

"मला भाऊच न्हाई."

"मग तापाच्या गोळ्या कुणाला?"

"सासूला."

आतून एक म्हातारा आवाज आला, "मला कुठं ताप हाय गं?"

हवालदारांनी तोंड फिरवलं. मी उंबऱ्याबाहेरच खाली बसलो. उभ्या पोलिसाशी माणसं खरं बोलत नाहीत, हे मी नोकरीच्या सुरुवातीलाच शिकलो होतो.

"बाई, ती गोळी विरघळत नाही."

तिचा चेहरा उतरला. "मंग काय व्हतं?"

"शिसं तसंच पडून राहतं. पण आत जाताना त्याने पायजम्याचा तुकडा ओढून नेला असणार. तो सडतो. ताप त्याचा आहे. तापाच्या गोळीने तो जाणार नाही."

"दवाखान्यात न्या म्हणता, आन् तिथून जेलात."

"हो. जेलात जाईल. पण जायला जिवंत तर राहील."

तिने पदर खोचला. मग विचारलं, "कुणी घातली गोळी?"

हवालदार मागून खाकरले. पोलिसांच्या गोळीबारात, असं मोघम उत्तर देता आलं असतं.

"मी."

"त्याच्या हातात काय व्हतं का?"

"नाही. मी दुसऱ्यावर झाडली होती."

बाई दारातून बाजूला झाली. "मंग तुम्हीच काढा आता."

तो मागच्या गोठ्यात होता. गुरं विकलेली, त्यामुळे गोठा रिकामा, आणि गव्हाणीशेजारी गोधडीवर हा. अंग विस्तवासारखं. आम्ही त्याला उचलून जीपमध्ये घातलं. लातूरला न्यायला हवा होता, गुन्हा आमच्याकडचा. नांदेड जवळ होतं. मी चालकाला नांदेड म्हणालो. पुढे त्याबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागला, तो मी आनंदाने दिला.

मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनने खुब्याच्या मांसातून गोळी काढली आणि बाटलीत घालून माझ्या हातात दिली. करडी, चपटी, तांब्याचा मागमूस नाही. सोबत चिंधीचा काळा पडलेला तुकडा. "अजून थोडा उशीर केला असता तर हात टेकले असते मी," ते म्हणाले. बाहेर बहीण भिंतीला टेकून बसली होती. तो वाचला, अशी मी मानेनेच खूण केली. तिने पदर तोंडाला लावला.

बाटली प्रयोगशाळेत गेली, अहवाल आला. मी जबाबातही गोळी माझीच असल्याचं लिहून दिलं. चौकशीत माझा गोळीबार स्वसंरक्षणार्थ ठरला. कागदावर मी कधी काही लपवलं नाही. लपवलं ते चहाच्या टेबलावर, हकिकत रंगवून सांगताना.

या तपासाचा मला अभिमान आहे. आयुष्यात बक्षिसं मिळाली, त्यापेक्षा तो माणूस गोठ्यातून जिवंत निघाला हे मोठं वाटतं. पुढे ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथल्या शिपायांना एक शिस्त लावली. गोळी झाडल्यावर पडला कोण हे बघू नका. पळाला कोण ते बघा, आणि तो जखमीच आहे असं धरून शोधा. कोणत्या गोळीत किती ताकद, यावर पोलीस मेसमध्ये तासन् तास वाद चालतात. मी त्यात बोलत नाही. ताकदीची गोळी म्हणजे माणसाला जागच्या जागी पाडणारी, असं ते मानतात. माझ्या गोळीने तर त्याला पळू दिलं, आणि तरी ती मारायलाच निघाली होती.

शिक्षा भोगून तो ठाण्यात हजेरीला यायचा. एका पायाने लंगडत चालायचा. खडीचं काम सोडून त्याने बहिणीच्या गावात चहाचं हॉटेल टाकलं होतं. एकदा हजेरी देऊन जाताना दारात थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सायेब, एक सांगू का? तुमची गोळी लागू पडली बघा!"

ठाणं हसलं. हवालदार तर डोळे पुसेपर्यंत हसले. तोही हसत हसत पायऱ्या उतरला, प्रत्येक पायरीवर आधी दुखरा पाय, मग चांगला. तो रस्त्याला लागेपर्यंत मी खिडकीत उभा होतो.